प्रतिसाद: एनएफएलमध्ये जनरल मॅनेजर व्हायला माजी खेळाडू असावंच लागतं का?

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) मधल्या संघाचा जनरल मॅनेजर, म्हणजे संघासाठी खेळाडू निवडणारा प्रमुख, 'माजी खेळाडूच हवा' असं या चर्चेत कुणीतरी माजी खेळाडू ऑझी न्यूसम यांचं उदाहरण देऊन म्हटलंय, ते मला पटत नाही. न्यूसम यांच्याच बाल्टिमोर रेव्हन्स संघात जनरल मॅनेजर म्हणून त्यांच्या जागी आलेले एरिक डीकॉस्टा एनएफएलमध्ये एकही सामना खेळलेले नाहीत. १९९६ मध्ये ते अगदी खालच्या पायरीवर लागले, मग स्काउट (नवे खेळाडू हेरणारे) झाले, २००३ मध्ये कॉलेज स्काउटिंगचे प्रमुख, २००९ मध्ये प्लेयर पर्सोनेल (खेळाडू विभाग) संचालक, २०१२ मध्ये सहायक जनरल मॅनेजर आणि २०१९ मध्ये जनरल मॅनेजर. म्हणजे तेवीस वर्षं, तीही एकाच संघात!

न्यूसम यांचं खरं मोठेपण खेळाडू निवडण्यात आहे, ते १९९६ च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्यात) दिसतं. चौथ्या क्रमांकावर रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) लॉरेन्स फिलिप्सला घ्या असा संघातूनच आग्रह होता. पण न्यूसम यांच्या यादीत जोनाथन ऑग्डेन वर होता, म्हणून त्यालाच घेतलं. सव्विसाव्या क्रमांकावर रे लुईस. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये (या खेळातल्या महान खेळाडूंच्या सन्मान यादीत) गेले.

जनरल मॅनेजरचं दुसरं कौशल्य हिशेबाचं. करार संपून गेलेल्या खेळाडूंच्या बदल्यात ड्राफ्टच्या तिसऱ्या ते सातव्या फेरीत भरपाईचे पिक (खेळाडू निवडायच्या जादा संधी) मिळतात, एका संघाला जास्तीत जास्त चार. मात्र बाहेरून तसाच, करार संपलेला खेळाडू आणला की त्यातून वजावट होते. दुसऱ्या संघाने करारातून मोकळा केलेला खेळाडू यात धरत नाहीत, म्हणून रेव्हन्स अशांवर नजर ठेवून असतात. घाईने मधल्या दर्जाचा खेळाडू घेऊन पिक घालवणारे संघ दरवर्षी दिसतात.