थाई माणसं नावं कशी लक्षात ठेवतात?

दोन वर्षांनी बँकॉकच्या त्याच हॉटेलात गेल्यावर तिथल्या मुलीने तुम्हाला नावाने हाक मारली, हे वाचून फार छान वाटलं. मला यात नुसती व्यवसायातली चलाखी दिसत नाही. थाई व्यवहारच नावावर चालतो, आडनावावर नाही. पंतप्रधान असोत की दुकानदार, 'खुन' या आदरार्थी शब्दापुढे पहिलंच नाव लावतात. आडनावं तिथे सक्तीची झाली १९१३ साली, सहावे राम राजे वजिरावुध यांच्या काळात. राजाने स्वतः सहा हजारांहून जास्त आडनावं तयार करून दिली! दोन वेगळ्या कुटुंबांचं आडनाव सारखं नको, म्हणून ती लांबलचक झाली आणि रोजच्या बोलण्यात कधी रुळलीच नाहीत.

शिवाय प्रत्येकाला घरचं एक 'छ्यू लेन' असतं, म्हणजे टोपणनाव: लेक (छोटा), नोक (पक्षी), कुंग (कोळंबी), मू (डुक्कर, तेही लाडाने). एका शब्दाचं, डोळ्यांपुढे चित्र उभं करणारं नाव कोण विसरेल? कित्येकजण शुभ म्हणून कागदोपत्री नाव बदलतात, पण हे बहुधा आयुष्यभर टिकतं.

आणि चेहरे लक्षात राहण्याचं म्हणाल, तर समोरचा आपल्यापेक्षा मोठा की लहान हे ठरल्याशिवाय त्याला 'फी' (दादा किंवा ताई) म्हणावं की 'नाँग' (धाकटं भावंड), हेच कळत नाही. त्यामुळे पहिल्या भेटीतच माणसाकडे नीट पाहिलं जातं. मला तर हेच खरं कारण वाटतं.