मदत हवी आहे: उष्टावण तोंडावर आलंय आणि लेक सगळं जिभेने बाहेर ढकलते

चिऊची_आई (इंदूर):

लेक साडेसहा महिन्यांची झाली. पण ती जन्मली 31व्या आठवड्यात, म्हणजे नऊ आठवडे आधी. त्या हिशेबाने ती अजून साडेचारचीच. डॉक्टर हाच हिशेब धरतात, घरात मात्र कुणाला पटत नाही.

आमच्या आईंचं (सासूबाईंचं) म्हणणं, मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, पाचवा हुकला, आता सातवा हुकायला नको. मुहूर्त काढून झालाय. लोकमान्यनगरच्या काकूंनी चांदीची वाटी पाठवली. मामाचं पुण्याहून रिझर्वेशनही झालं.

रविवारी आईंनी रंगीत तालीम म्हणून भाताची मऊ पेज चमच्याच्या टोकावर दिली. जीभ पुढे आली आणि पेज हनुवटीवर. पुन्हा दिली, पुन्हा हनुवटीवर. तिसऱ्यांदा आईंनी थोडी आत सारली, तर हिचा चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, ओकारी काढल्यासारखा आवाज, खोकला, आणि दोन मिनिटांनी खुदकन हसली. माझे मात्र हातपाय गार पडले. सकाळी पोहे-जिलेबी आणि रात्री सराफ्यात खाणाऱ्यांच्या या गावात हिला चमचाभर पेज नको!

घाबरण्याचं कारणही आहे. जन्मानंतर तीन आठवडे तिला नाकातल्या नळीने दूध दिलं. सिस्टर म्हणायच्या, "अभी पीना नहीं आता इसको." मला राग यायचा. पिणं न येणारं बाळ असतं का? मग डॉक्टरांनी सांगितलं, की गिळायला ती पोटात केव्हाच शिकली होती. बाळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून गर्भजल गिळतं, आणि दिवस भरत आले की रोज अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त. पण ओढणं, गिळणं आणि श्वास ही तिन्ही एका तालात बसतात साधारण 34व्या आठवड्याच्या सुमाराला. झालंही तसंच. आधी वाटी-चमचा, मग अंगावर. आता व्यवस्थित पिते, वजनही वाढतंय.

तर तिला पेज आवडत नाहीये की खाता येत नाहीये? रविवारी झालं ते घशात अडकणं होतं का? आणि आईंना काय सांगू?

पोहेवाली:

माझा मुलगा पूर्ण दिवसांचा होता, तरी पहिले पंधरा दिवस निम्मं बिबवरच. मी दोन आठवडे थांबले आणि परत सुरू केलं, तर खायला लागला. फार मनावर घेऊ नकोस गं.

रावपुरा_कट्टा (वडोदरा):

मी स्पीच थेरपिस्ट आहे. बोलण्याबरोबर गिळण्याच्या अडचणीही आम्हीच बघतो, हे माझ्या नातेवाइकांनाही अजून माहीत नाही!

लेक नको म्हणत नाहीये. दूध सोडून दुसरं काही जिभेला लागलं की जीभ पुढे ढकलते, ही जन्मजात प्रतिक्रिया आहे. चार ते सहा महिन्यांत ती ओसरते, आणि तुमच्या बाबतीत ते महिने मूळ तारखेपासून मोजायचे. दूध ओढताना जीभ पुढे-मागे होते, तेवढंच तिला येतं. घास गोळा करून मागे न्यायचा तर जिभेला नवं काम शिकावं लागतं. ओढण्या-गिळण्याचा ताल मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेच्या भागात बसवलेला असतो, तो शिकवावा लागत नाही. चावणं मात्र मोठ्या मेंदूच्या ताब्यात हळूहळू येतं, सरावाने.

एक समज जाता जाता दूर करते. बाळ एकाच वेळी पितं आणि श्वासही घेतं असं म्हणतात, ते खरं नाही. तान्ह्या बाळाचं स्वरयंत्र मानेत खूप वर असतं, त्यावरची झाकणासारखी पट्टी मऊ टाळूपर्यंत पोचते आणि दूध बरंचसं दोन्ही बाजूंनी उतरतं. तरी प्रत्येक घोटाला श्वास क्षणभर थांबतोच. 34 आठवड्यांच्या आतल्या बाळांची दमछाक होते ती इथेच.

रविवारी झालं ते अडकणं वाटत नाही. या वयात ओकारीचा बिंदू जिभेवर बराच पुढे असतो, पुढच्या काही महिन्यांत तो मागे सरकतो. ओकारीला आवाज असतो. खरं अडकलं तर बाळ गप्प होतं, रडता-खोकता येत नाही, ओठ निळे पडतात. तेव्हा तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब. हे डॉक्टरांकडून समोरासमोर शिकून घ्या, घरातल्या सगळ्यांनी.

मान पक्की धरते का? आधाराने बसते का? तुमच्या ताटाकडे बघून तोंड उघडते का? आणि दूध प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता होतो का? वारंवार छाती भरते का?

चिऊची_आई:

मान धरते, पण बसवलं की एका बाजूला कलंडते. ताटाकडे ढुंकूनही बघत नाही. घरघर नाही, छाती एकदाही भरली नाही.

रावपुरा_कट्टा:

मग थांबा आणि डॉक्टरांना विचारून तारीख ठरवा. घरघर असती तर मी लगेच दाखवायला सांगितलं असतं. सुरू कराल तेव्हा बसवून द्या, आडवं नको, आणि चमचा आत सारायचा नाही, ओठाशी धरायचा. जीभ पुढे येऊन घेऊ दे. पण फार लांबवूही नका. दाणेदार, कुस्करलेलं खाणं उशिरा सुरू झालं तर मुलं पुढे नखरे करतात. उष्टावणाला मध चाटवत असाल तर वर्ष होईपर्यंत अजिबात नको.

चिऊची_आई:

आईंना सगळं वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "नववाही विषमच आहे की." मामाचं तिकीट रद्द नाही करत, तो पोहे खायला येतोय. त्या दिवशी उकळून घेतलेली अंगठी खिरीत बुडवून नुसती ओठाला लावायची, एवढ्यावर तह झालाय. खिरीत मध नाही.

आता नवव्यात पहिला घास पेजेचा द्यावा की केळ्याचा, ते इथेच विचारू की नवा धागा काढू?