वडिलांच्या स्मृतीसाठी मॅरेथॉन : सरावाविषयी थोडी भर

वडिलांच्या स्मरणार्थ जानेवारीत मुंबईला ४२.१९५ किलोमीटर धावून कर्करुग्णांसाठी निधी उभारण्याचा आपला संकल्प वाचला आणि जळगावात राहून तयारी कशी करावी, हा आपला प्रश्नही वाचला. मी ताईच्या स्मरणार्थ हीच शर्यत धावलो आहे, म्हणून लिहितो.

मेहरूण तलावाच्या काठाने पहाटे धावणे सुखाचे असले, तरी डिसेंबरातील आपली कोरडी थंडी फसवी असते. मुंबईच्या दमट हवेत त्याच वेगाने धावताना घाम कितीतरी अधिक येतो आणि शर्यतीच्या वाटेतील पेडर रोडच्या चढावर छाती भरून येते. यासाठी मी आठवड्यातून एकदा मुद्दाम नऊनंतर, ऊन चढल्यावर धावत असे (शेजारी हसत, ते असो). लांब पल्ला हळूहळू ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत न्यावा आणि शेवटचे दोन-तीन आठवडे तो उतरता ठेवावा. साधारणपणे तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास स्नायूंतील ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) संपत येते, तेव्हा आपली केळी उपयोगी पडतात. मात्र आदल्या रात्री कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि भरीत खाऊ नये. मी खाल्ले आणि त्याची शिक्षा वाटेत भोगली.

देणगी नातेवाइकांनी थेट संस्थेच्या खात्यात भरावी, आपण रोख रक्कम हाती घेऊ नये, असे मला वाटते. निधी मागताना मला धावण्यापेक्षा अधिक संकोच वाटला होता. परंतु ताईच्या वर्षश्राद्धाला जमलेल्या मंडळींनी विषय काढताच स्वतःहून रक्कम सांगितली.