‘थोडे’ या एका शब्दापुढे इंग्रजीचे चार शब्द

प्रश्न

मी परभणी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. ‘लिटल’, ‘अ लिटल’, ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ या चारही शब्दांसमोर मुले वहीत ‘थोडे’ हा एकच अर्थ लिहून ठेवतात आणि रिकाम्या जागा भरताना अंदाजाने यांतला कोणताही एक शब्द घालतात. मोजता येणारे नाम आणि मोजता न येणारे नाम यांची व्याख्या त्यांना तोंडपाठ आहे. तरीही गेल्या आठवड्यात एका हुशार मुलीने ‘मेनी ॲडव्हाइसेस’ असे लिहिले, आणि मी ते चूक ठरवल्यावर तिने विचारले, “मॅडम, सल्ले मोजता येतात. आजोबांनी मला कालच तीन सल्ले दिले. मग हे चूक कसे?” तिला पटेल असे उत्तर मला देता आले नाही. मराठीत हा भेदच नाही, म्हणून आपल्या मुलांना तो उमगत नाही, असे मानावे काय?

उत्तर

ताई, त्या मुलीचे म्हणणे रास्त आहे, आणि दोष तिच्याकडे नसून आपण वर्षानुवर्षे पाठ करून घेतलेल्या व्याख्येकडे आहे. ‘मोजता येणारे’ असे म्हटले की मूल वस्तूकडे पाहते. वर्गातली बाके, खुर्च्या, कपाटे ते एकेक करून मोजू शकते, मग ‘फर्निचर’ मोजता का येत नाही, हे त्याला कळणार कसे? प्रत्यक्षात हा गुण वस्तूचा नसतो, तो नामाचा असतो. एखादी भाषा एखाद्या नामाकडे सुटे नग म्हणून पाहते की एकत्रित ऐवज म्हणून पाहते, एवढाच हा प्रश्न आहे, आणि प्रत्येक भाषेचा कौल वेगळा असू शकतो.

मराठीत हा भेद नाही, हे मात्र मला मान्य नाही. आपल्या घरातलीच उदाहरणे घ्या. आपण रानात हरभरा पेरतो, पण रात्री हरभरे भिजत घालतो. मोंढ्यात कांदा येतो, पण स्वयंपाकघरात कांदे चिरले जातात. पीक किंवा माल म्हणून पाहिले की नाम एकवचनी राहते आणि दाणे किंवा नग डोळ्यांपुढे आले की ते अनेकवचनी होते. याहून चांगला दाखला ज्वारी आणि तांदूळ यांचा आहे. दाणा दोन्हींचा जवळजवळ सारखाच बारीक, सुपात घेऊन निवडण्याची रीतही एकच. पण आपण ज्वारी ‘निवडली’ म्हणतो आणि तांदूळ ‘निवडले’ म्हणतो. त्याच तांदळाचा भात झाला की तो पुन्हा एकवचनी होतो. हे कोणत्याही शाळेत न शिकता आपल्या भागातील पाच वर्षांचे मूल अचूक बोलते. इंग्रजीतही असेच चालते: ‘राइस’ आणि ‘व्हीट’ ही नामे न मोजण्याची, तर ‘लेंटिल्स’ आणि ‘ओट्स’ अनेकवचनी. आपले सोयाबीन एकवचनी, त्यांचे ‘सोयाबीन्स’. मटाराच्या इंग्रजी शब्दाचा इतिहास तर मुलांना आवर्जून सांगावा असा आहे. मूळ शब्द ‘पीझ’ होता आणि तो एका ऐवजाचे नाव म्हणून वापरला जात असे. त्याच्या शेवटचा ध्वनी लोकांना अनेकवचनाचा प्रत्यय वाटू लागला, आणि सतराव्या शतकात तो काढून टाकून ‘पी’ हे नवे एकवचन तयार झाले. दाणा तोच राहिला, त्याच्याकडे पाहण्याची भाषेची नजर तेवढी बदलली.

मग अडचण नेमकी कोठे येते? माझ्या मते ती अशी की मराठी हा भेद नामावर आणि क्रियापदावर दाखवते, तर इंग्रजी तो परिमाणाच्या शब्दावरही दाखवते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले, ते दिवस आपल्याकडे कोणीही विसरलेले नाही. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि तिने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली. त्या वेळी लोक एकमेकांना विचारत, “किती वाघिणी आल्या?” आणि “किती पाणी आले?” दोन्ही प्रश्नांत ‘किती’ तेच आहे, भेद ‘आल्या’ आणि ‘आले’ यांनी सांगितला आहे. इंग्रजीत मात्र तोंड उघडण्याच्या क्षणीच निवड करावी लागते: वाघिणींसाठी ‘हाऊ मेनी’, पाण्यासाठी ‘हाऊ मच’. मराठी माणसाला ही निवड वाक्याच्या सुरुवातीला करण्याची सवय नसते, म्हणून तो अडखळतो.

तरीही मराठीत असे परिमाणशब्द अगदीच नाहीत असे नाही. ‘अनेक’, ‘कित्येक’, ‘कैक’ हे शब्द केवळ नगांसाठी आहेत. ‘अनेक पाणी’ असे कोणी म्हणत नाही. उलट बाजूने, भाजीत ‘जरा मीठ’ घालता येते, पण ‘जरा माणसे आली’ असे म्हणता येत नाही. हा ‘जरा’ अरबीतल्या कण या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे, हे लक्षात घेतले तर त्याचा हा स्वभाव सहज समजतो. आपल्या खेड्यांतला ‘उलुसं’ हा शब्द तर इंग्रजी ‘लिटल’चा सख्खा भाऊ शोभेल असा आहे. ‘उलुसं पोरगं’ म्हणजे लहान मूल आणि ‘उलुसं दूध’ म्हणजे थोडे दूध. ‘लिटल’ही तसाच, लहान आणि थोडे अशा दोन्ही अर्थांनी चालतो. ‘मच’चाही मूळ अर्थ ‘मोठे’ असाच होता, आणि त्याचे मूळ आपल्या ‘महत्’ या शब्दाच्या मुळाशी जाऊन मिळते. म्हणजे ‘लिटल’ आणि ‘मच’ हे आकार सांगणारे शब्द आहेत. जे सुटे होत नाही, त्याचा आकारच सांगावा लागतो. जे सुटे होते, त्याची संख्या सांगता येते, आणि तेथे ‘फ्यू’ व ‘मेनी’ येतात. व्याख्येपेक्षा ही गोष्ट मुलांच्या मनात लवकर ठसते, असा माझा अनुभव आहे.

आता त्या मुलीच्या सल्ल्याविषयी. ‘ॲडव्हाइस’ हे इंग्रजीच्या लेखी पाण्यासारखे नाम आहे, त्यामुळे त्याला मापात घालूनच मोजावे लागते. हेही आपल्याला परके नाही. ज्वारी मोजताना आपले वाडवडील पायली, शेर, मापटे, चिपटे म्हणत. गुळाची ढेप, कडब्याची पेंढी, मिठाचा खडा असे आपण आजही म्हणतो. त्याच रीतीने आजोबांचे तीन सल्ले इंग्रजीत ‘थ्री पीसेस ऑफ ॲडव्हाइस’ होतात, आणि संख्या सल्ल्याला न लागता ‘पीस’ या मापाला लागते. बातम्या, पुरावे, कामे, गृहपाठ आणि पैसे हे शब्द याच वर्गात बसतात: मराठीत त्यांचे अनेकवचन सर्रास होते, इंग्रजीत ‘न्यूज’, ‘एव्हिडन्स’, ‘वर्क’, ‘होमवर्क’ आणि ‘मनी’ या अर्थी एकवचनीच राहतात. ‘माहिती’ आणि ‘सामान’ येथे मात्र दोन्ही भाषांचे मत जुळते. ‘माहित्या’ असे आपण म्हणत नाही, तसे ‘इन्फर्मेशन्स’ही लिहू नये. मुलांना सरसकट यादी पाठ करायला न देता, जेथे दोन भाषांचे मत जुळत नाही एवढेच शब्द वेगळे काढून द्यावेत. ते फार निघत नाहीत.

उरला ‘थोडे’चा प्रश्न, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उन्हाळ्याच्या दिवसांत घरातल्या रांजणात तळाशी वीतभर पाणी उरले आहे असे समजा. पाहुणा दारात आला, तर घरची बाई म्हणते, “रांजणात थोडे पाणी आहे, तांब्या भरून दे.” त्याच वेळी मुलगा हातपाय धुवायला निघाला, तर तीच म्हणते, “रांजणात थोडेच पाणी आहे, सांडू नकोस.” पाणी तेवढेच, रांजण तोच, पहिल्या वाक्यात असल्याची खात्री आहे, दुसऱ्यात नसल्याची काळजी. मराठीने हे काम ‘च’ या एका अक्षरावर सोपवले आहे. इंग्रजी तेच काम ‘अ’ लावून किंवा न लावून करते, पण उलट्या दिशेने: ‘अ’ असेल तर खात्री, नसेल तर टंचाई. म्हणून ‘लिटल’चा अर्थ वहीत ‘थोडे’ असा न लिहिता ‘फारसे नाही’ असा लिहावा आणि ‘अ लिटल’चा ‘थोडे आहे’ असा. त्याच न्यायाने ‘फ्यू’ म्हणजे ‘फारसे कोणी नाहीत’ आणि ‘अ फ्यू’ म्हणजे आपले ‘चार-दोन’. लग्नाला चार-दोन माणसे आली, या वाक्याला ‘अ फ्यू’इतका चपखल इंग्रजी शब्द दुसरा नाही. ‘ओन्ली’ आधी आला, तर मात्र ‘अ’ असूनही अर्थ पुन्हा टंचाईकडे झुकतो, आणि ‘क्वाइट अ फ्यू’चा अर्थ तर ‘बरेच’ असा होतो. हे दोन अपवाद मुलांना आधीच सांगून ठेवावेत.

जालन्याहून एक शंका

मी मोंढ्यात आडत दुकानावर लिखापढीचे काम करतो आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांना इंग्रजीतून पत्रे पाठवतो. ‘पन्नास क्विंटलपेक्षा कमी माल’ लिहिताना मी ‘फ्यूअर दॅन’ लिहिले, कारण क्विंटल मोजता येतात. एका व्यापाऱ्याने ते खोडून ‘लेस दॅन’ केले. बरोबर कोण?

उत्तर

आपला तर्क शुद्ध होता, पण या ठिकाणी ‘लेस दॅन’च योग्य आहे. क्विंटल हे नग नसून माप आहे, आणि पन्नास क्विंटल म्हणजे पन्नास वस्तू नसून एक ढीग आहे. मराठीतही आपण ‘पन्नास क्विंटल ज्वारी आली’ असे एकवचनी क्रियापद वापरतो, पण ‘ज्वारीची पन्नास पोती आली’ म्हणताना अनेकवचन करतो, कारण हमाल पोती एकेक करून पाठीवर उतरवतो. तेव्हा पोत्यांसाठी ‘फ्यूअर दॅन फिफ्टी बॅग्ज’ आणि क्विंटलसाठी ‘लेस दॅन फिफ्टी क्विंटल्स’ लिहावे. अंतर, वेळ आणि रक्कम यांनाही हाच नियम लागू होतो: ‘लेस दॅन टेन किलोमीटर्स’, ‘लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज’.

पत्रव्यवहारात उपयोगी पडेल अशी आणखी एक गोष्ट. ‘अमाउंट’ हा शब्द मालासाठी आहे, माणसांसाठी ‘नंबर’ वापरावा. पण ‘अ नंबर ऑफ फार्मर्स’ म्हणजे ‘बरेच शेतकरी’, म्हणून तेथे क्रियापद अनेकवचनी असते. आणि ‘द नंबर ऑफ फार्मर्स’ म्हणजे ‘शेतकऱ्यांची संख्या’, म्हणून तेथे ते एकवचनी असते. मराठीतही ‘शेतकरी आले’ आणि ‘संख्या वाढली’ असेच आपण म्हणतो.

एक आक्षेप

‘फ्यूअर’चा एवढा आग्रह आज कशासाठी धरायचा? खुद्द इंग्लंडमधील दुकानांत ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशा पाट्या असतात, आणि तेथील लोक बोलताना नगांसाठीही सर्रास ‘लेस’ वापरतात.

उत्तर

आक्षेपात तथ्य आहे आणि ते झाकून ठेवणे योग्य नाही. हा नियम इंग्रजीत मुळापासून नव्हता. इ.स. ८८८ च्या सुमारास इंग्लंडमधील आल्फ्रेड राजाच्या नावावर असलेल्या, बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाच्या ग्रंथाच्या अनुवादात शब्दांसाठी ‘लेस’च आला आहे, त्या काळच्या इंग्रजीत ‘लेस’नंतर षष्ठी येत असे, म्हणजे रचना ‘शब्दांचे कमी’ अशी होती. पुढे षष्ठीचा प्रत्यय झिजून गेला आणि ‘लेस’नंतर साधे अनेकवचन उरले. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर या लेखकाने संख्येसाठी ‘फ्यूअर’ अधिक बरा वाटतो असे लिहिले. ती त्याची व्यक्तिगत पसंती होती, आणि पुढच्या व्याकरणकारांनी तिचा नियम केला. आपण म्हणता त्या पाट्यांवरून तेथेही वाद झाला आणि २००८ मध्ये टेस्को या दुकानसाखळीने ‘अप टू टेन आयटम्स’ असा मजकूर घेऊन तो वाद टाळला.

तरीही परीक्षेत आणि औपचारिक पत्रात ‘फ्यूअर’ पाळावा असेच मी सांगेन, कारण तपासणारा आणि वाचणारा तीच अपेक्षा धरून बसलेला असतो. मात्र एखाद्याने बोलताना ‘लेस स्टुडंट्स’ म्हटले, तर त्याला अडाणी ठरवण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. ‘मेनी’च्या जागी ‘मच’ घालण्याची चूक याहून पुष्कळ मोठी आहे, कारण ती करण्याची मुभा इंग्रजीने आज कोणालाही दिलेली नाही. जेथे खात्री वाटत नाही, तेथे ‘अ लॉट ऑफ’ किंवा ‘प्लेंटी ऑफ’ वापरावे. आपल्या ‘बक्कळ’प्रमाणे ते दोन्हींकडे चालतात. शिवाय होकारार्थी साध्या वाक्यात ‘मच’ एकटा आला तर बोलण्यात अवघडलेला वाटतो, तेथेही ‘अ लॉट ऑफ’च शोभतो.

परभणीहून पुन्हा

सर, रांजणाचे उदाहरण वर्गात दिले आणि मुलांनी ते लगेच उचलले. त्या मुलीने नवा प्रश्न आणला आहे. ‘हेअर’ला अनेकवचन नाही असे मी सांगितले, पण तिला एका धड्यात ‘अ फ्यू ग्रे हेअर्स’ असे सापडले.

उत्तर

धडाही बरोबर आहे आणि आपणही. डोक्यावरचे सगळे केस हा इंग्रजीला एक ऐवज वाटतो, म्हणून मराठीत ‘केस लांब आहेत’ असे असले तरी इंग्रजीत ‘हेअर इज लाँग’ होते. पण सुटी बटही नव्हे, एकच केस वेगळा दिसला, आमटीत सापडला किंवा आरशात पांढरा चमकला, की तो नग होतो आणि ‘अ हेअर’ म्हणता येते. ‘अ फ्यू ग्रे हेअर्स’ म्हणजे चार-दोन पांढरे केस, मोजून दाखवता येतील असे. सगळेच पिकले की पुन्हा ‘ग्रे हेअर’, आणि तेथे ‘एस’ लागत नाही.