मुलीला बी.एस्सी. फॉरेस्ट्रीला घालायचं आहे, पुढे वाव आहे का?

साकोलीची_आई

नमस्कार. आम्ही भंडारा जिल्ह्यात साकोलीजवळ राहतो. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, पीसीबी ग्रुप, सीईटी दिली आहे. नर्सिंग नको म्हणते, फार्मसी नको म्हणते. फॉरेस्ट्रीच करायची म्हणून अडून बसली आहे. नवेगाव-नागझिरा आमच्यापासून लांब नाही. लहानपणापासून माझ्यासोबत पहाटे मोहफुलं वेचायला आलेली पोरगी आहे, त्यामुळे तिची आवड वरवरची नाही हे मला माहीत आहे. पण घरचे म्हणतात, चार वर्षं घालवून शेवटी वनरक्षकाचीच परीक्षा द्यायची, तर ती बारावीवर आत्ताच देता येते. हे खरं आहे का? डिग्रीनंतर आरएफओ होता येतं का? आणि सरकारी नोकरी नाहीच लागली, तर या डिग्रीचं करायचं काय? मुलीच्या जातीला हे काम झेपेल का, हाही घरात रोजचा वाद आहे. कोणी स्वतः शिकलेलं असेल तर कृपया सांगा.

धानपट्टा

ताई, बी.एस्सी. ॲग्री घ्या. सीईटी तीच, कॉलेजं कितीतरी जास्त. फॉरेस्ट्रीला कृषी विद्यापीठांची कॉलेजं दापोली आणि अकोल्याला, जागा मोजक्या. वनसेवेच्या परीक्षेला ॲग्रीवालेही बसतात. मग उगाच दार अरुंद का करून घ्यायचं?

ऐन_किंजळ

ताई, मी दापोलीला फॉरेस्ट्री केली. माहेर संगमेश्वरकडचं, आता गडचिरोलीतल्या कोरची-कुरखेडा भागात ग्रामसभांबरोबर काम करते. थोडं लांबण लागेल, पण निवांत वाचा.

घरच्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वनरक्षकाला बारावी पुरते. आरएफओ, म्हणजे वनक्षेत्रपाल, आणि त्याच्या वरचा सहायक वनसंरक्षक ही पदं एमपीएससीच्या महाराष्ट्र वनसेवा परीक्षेतून भरतात. तिथे फॉरेस्ट्रीची पदवी चालते, पण वनस्पतिशास्त्र, कृषी, इंजिनिअरिंगची मुलंही त्याच रांगेत असतात, आणि पूर्वपरीक्षा आता राज्यसेवेबरोबर एकत्रच होते. पदवी हातात आली म्हणजे वर्दी अंगावर आली, असं अजिबात नाही. नुसती वर्दीच हवी असेल तर धानपट्टा दादांचा सल्ला ठीक आहे.

माझ्या वर्गात वर्दीसाठी आलेली मुलं बरीच होती. दुसऱ्या वर्षापासून ती स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत शिरली. काहींना पद मिळालं, काही अजून पुण्यात अभ्यासिकेत बसतात. मला त्यांच्याबद्दल हळहळ वाटते ती पद हुकलं म्हणून नाही. त्या चार वर्षांत जे शिकायला मिळतं, ते त्यांच्या समोरून निघून गेलं, म्हणून.

काय शिकायला मिळतं? झाड ओळखणं हे पहिलं. एप्रिलमध्ये पानं गळून गेल्यावर नुसत्या सालीवरून सांगायचं: खोल भेगांची, काळपट साल ऐनाची, गुळगुळीत, पांढुरकी धावड्याची. मग मोजणी. छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप लावून घेर घ्यायचा. उतारावरचं झाड असेल तर चढाच्या बाजूला उभं राहून घ्यायचा. त्यावरून एका झाडाचं आणि पुढे अख्ख्या जंगलाचं लाकूड किती, दर वर्षी त्यात भर किती, हे काढता येतं. लाकडाचा ताजा काप भिंगाखाली धरून ते कोणत्या झाडाचं हे सांगायला लावतात. सागाच्या कापात मोठ्या छिद्रांची वलयं स्पष्ट दिसतात, ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तासभर तिथून हलले नव्हते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणतं झाड काढायचं आणि कोणतं ठेवायचं हे शिकवतात. दोन-दोन मीटरवर साग लावला की हेक्टरी २५०० रोपं बसतात. ती सगळीच राखली तर एकही धड जाड होत नाही. म्हणून ठरावीक वर्षांनी विरळणी करायची, दबलेली, वाकडी, रोगट झाडं काढायची. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती तोड दिसते. आमच्या लेखी ती निगा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात याच्या उलट आहे: सरकारी जंगल अगदी थोडं, बाकी झाडोरा खासगी मालकीचा. मालक ऐन-किंजळ जळाऊ लाकडाला विकतो, बुंध्याला फुटवे येतात, ते हाताएवढे झाले की पुन्हा तोड. त्याला कोणते फुटवे राखायचे हे सांगणारं माणूस गावात नसतं. शेवटच्या वर्षी वनखात्यासोबत आणि गावात राहून काम करण्याचं सत्र असतं, तेव्हा हे सगळं अंगावर येतं. तिथेच मला कळलं की मला काय करायचं आहे.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर येते, कारण त्याबद्दल कोणी नीट सांगत नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या पारंपरिक जंगलावर सामूहिक हक्क मिळू शकतो: ते राखायचा, वाढवायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला तो २००९ मध्ये मिळाला. आज एकट्या गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून जास्त ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. पण हक्काचा कागद आला की खरं काम सुरू होतं. बांबू कुठून, किती काढायचा? या पावसाळ्यातला कोवळा कोंब तोडायचा नाही, प्रत्येक बेटात जुने बांबू राखायचे, तीन-चार वर्षांनी त्याच जागी परत यायचं, पावसाळ्यात कोयता लावायचाच नाही. तेंदूच्या पानांचं तर लिलावापासून फळीपर्यंत, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रापर्यंत, सगळा हिशेब ग्रामसभेचा. आमच्याकडे ७० पानांचा एक पुडा आणि १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. गावकऱ्याच्या वहीतला आकडा ठेकेदाराच्या वहीशी जुळला नाही तर बाईची आठवडाभराची मजुरी जाते. जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करायचा, त्यासाठी नमुना क्षेत्रं आखून झाडं मोजायची, जीपीएसवर हद्द घ्यायची, वणव्यासाठी जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, कुठून काढायची ते ठरवायचं, आणि हे सगळं गोंडीत किंवा छत्तीसगढीत ग्रामसभेपुढे मांडायचं.

या कामाला माणसं मिळत नाहीत. समाजकार्य शिकलेली मुलं येतात, मनापासून राबतात, पण जंगल मोजता येत नाही. फॉरेस्ट्री शिकलेल्यांना जंगल मोजता येतं, पण ती येत नाहीत, कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की ही नोकरी असते. ज्या मुलीने आईबरोबर मोह वेचला आहे, तिला हंगामात झाडाखाली कोणाची पाळी, कोणाचं झाड, यावरून होणारे वाद कळतात. ते कॉलेज शिकवू शकत नाही. तुमची मुलगी या शाखेत यावी असं मला मनापासून वाटतं ते यासाठी.

पगाराचं खरं सांगते. संस्थेच्या कामात पैसा प्रकल्पाशी बांधलेला असतो, प्रकल्प संपला की नवा शोधावा लागतो. स्थिर पगार हवा असेल तर बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी परीक्षेला फॉरेस्ट्रीची पदवी चालते, ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊकच नसते. कागद आणि प्लायवूड कंपन्या शेतकऱ्यांकडून निलगिरी, सुबाभूळ लावून घेतात, त्यांना रोपवाटिका आणि लागवडीसाठी माणसं लागतात. पुढे शिकायचं तर देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत एम.एस्सी. आहे, वन्यजीवांची ओढ असेल तर तिथेच भारतीय वन्यजीव संस्था, आणि भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत कॅट देऊन एमबीए.

बीट_गस्त

मी वनरक्षक आहे, त्यामुळे ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देते. झेपतं. भरतीत मुलींना ३ किमी धावावं लागतं, मुलांना ५. उंची १५० सेंमी लागते. सरकारी भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण असल्यामुळे आता जवळजवळ प्रत्येक रेंजमध्ये, म्हणजे वनपरिक्षेत्रात, आम्ही आहोत.

पण काम काय ते घरच्यांना माहीत असू द्या. एका वनरक्षकाकडे एक बीट, म्हणजे नियतक्षेत्र. रोज पायी गस्त. १५ फेब्रुवारी ते १५ जून वणव्याचा हंगाम, त्यात रात्री फोन आला की निघायचं, घरात लग्न असो की आजारपण. धोकाही खरा आहे. २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेचं काम करताना आमची एक वनरक्षक भगिनी वाघिणीच्या हल्ल्यात गेली. त्यानंतरही दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या बीटवर होतो.

डिग्री करून वनरक्षकाची परीक्षा देताच येते, बावीस-तेविसाव्या वर्षी वय शिल्लक असतं. उलट बारावीवर लागून मग डिग्री करणं फार कठीण. बीट सोडून कॉलेजला जाता येत नाही, आणि वनपाल व्हायला बढतीची वाट बघावी लागते. म्हणून मी म्हणेन, आधी शिकू द्या. आणि धावायची सवय आत्तापासून लावा. लेखी चांगलं देऊन मैदानात बाहेर पडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

साकोलीची_आई

दोघींचेही खूप आभार. तिला सगळं वाचून दाखवलं. जाळरेषा तिला माहीत होती, पण गाव जंगलाचा आराखडा करतं हे मलाही नवीन आहे. घरच्यांचा सूर जरा नरमला आहे. आता प्रश्न, अकोला की दापोली? आणि आयएफएससाठी ही डिग्री उपयोगी पडते का? सासरे तेच विचारतात.

ऐन_किंजळ

सासऱ्यांना सांगा, भारतीय वन सेवा यूपीएससीतून होते आणि फॉरेस्ट्रीची पदवी त्याला चालते. मुख्य परीक्षेत दोन वैकल्पिक विषय घ्यावे लागतात. फॉरेस्ट्री त्यांतला एक असू शकतो, पण फॉरेस्ट्री आणि कृषी ही जोडी चालत नाही. त्यामुळे दुसरा विषय वनस्पतिशास्त्र किंवा प्राणीशास्त्र असा काही निवडावा लागतो, आणि त्याची तयारी तिसऱ्या वर्षापासून धरली तरच पुरते. त्यातही मुलींना ४ तासांत १४ किमी चालण्याची चाचणी आहे, म्हणजे बीट_गस्त ताई म्हणतात ते इथेही लागू.

कॉलेजचं म्हणाल तर मी दापोलीची असूनही तुम्हाला अकोला सांगेन. भंडारा रोडला विदर्भ एक्स्प्रेस पकडली की थेट अकोला. दापोलीला खेडपर्यंत रेल्वे, पुढे एसटी, आणि सणावाराला घरी येणं अवघड. दुसरं कारण अधिक मोठं आहे. अकोल्याभोवती साग, सालई, धावड्याचं कोरडं पानगळीचं जंगल आहे, काटेपूर्णा अभयारण्य जवळ, मेळघाट शेजारच्या जिल्ह्यात. ज्या जंगलात तिला पुढे काम करायचं आहे, त्याच्या जवळचं ते आहे. दापोलीचा पाऊस, जांभा दगड आणि देवराया वेगळंच शिकवतात. तो अनुभव एम.एस्सी.ला घेता येईल.

पर्याय भरताना मात्र दोन्ही टाका, अकोला वर आणि दापोली खाली. ॲग्रीची कॉलेजं त्याखाली. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर आणि डोमिसाइल आत्ताच तहसीलमधून काढून ठेवा. ऐन फेरीच्या वेळी सेतूत गर्दी असते आणि मिळालेली जागा कागदासाठी जाते. हॉस्टेलचा अर्ज प्रवेशाच्याच दिवशी द्या. आणि मुलीला माझ्याशी थेट बोलायचं असेल तर इथे निरोप टाकू द्या, मी संध्याकाळी मोबाइलच्या रेंजमध्ये आले की उत्तर देते.