'प्रतिकार', 'प्रतिरोध' की 'दाद'?

प्रश्न: क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरच्या एका लेखाचं मराठी करते आहे आणि एका वाक्यापाशी अडले आहे. आशय असा, की रोगप्रतिकार यंत्रणेतली निरोप पोचवणारी प्रथिनं, म्हणजे सायटोकाइन्स, या कर्करोगाच्या पेशींना केमोथेरपीचा प्रतिकार करायला मदत करतात. शरीर करतं तोही प्रतिकार आणि कर्कपेशी करते तोही प्रतिकार! 'प्रतिरोध' वापरला तर सुटेल का?

उत्तर: शब्द बदलण्याआधी पेशी नेमकं काय करते ते पाहू. ल्युकेमियाच्या या प्रकारातल्या कर्कपेशी, म्हणजे बी लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी, शरीरात खूप काळ तगतात, पण बाहेर काढून काचपात्रात ठेवल्या की बऱ्याचशा थोड्याच दिवसांत आपोआप मरतात. त्याच पात्रात इंटरल्युकिन-४ हे सायटोकाइन घातलं तर त्या टिकून राहतात, कारण बीसीएल-२ हे मृत्यू रोखणारं प्रथिन पेशीत वाढतं. मग फ्लुडाराबिन किंवा क्लोरॅम्ब्युसिल हे केमोथेरपीचं औषध दिलं तरी पूर्वीइतक्या मरत नाहीत. औषध आत शिरतं, डीएनएला धक्का बसतो, म्हणजे औषधाने आपलं काम केलेलं असतं. एरवी त्या धक्क्याने पेशी स्वतःला संपवते, इथे ती पायरी येतच नाही.

याला 'प्रतिकार' म्हणणं मला पटत नाही. प्रतिकारात उलट वार आहे, 'प्रतिरोधा'त वाट अडवणं आहे. ही पेशी औषधावर वार करत नाही की त्याला दारात अडवत नाही. मराठीत यासाठी रुळलेला प्रयोग आहे: आजार औषधाला दाद देत नाही. 'औषधांना दाद न देणारा क्षयरोग' हे तर आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. 'दाद' मूळ फारसी, अर्थ न्याय. म्हणून आपण कोर्टात दाद मागतो. गाण्याला दाद देतो तेव्हा त्या गुणाला न्याय देतो. दाद न देणं म्हणजे समोरच्याचं म्हणणं पोचूनही त्याला न बधणं. या पेशीचं वर्णन याहून नेमकं कसं करणार?

दुसरं मत: 'दाद' मलाही आवडला, पण सरसकट वापरू नका. काही कर्कपेशी आवरणातल्या पंपांनी औषध बाहेर फेकतात. तिथे खरोखर रोध आहे, तेव्हा 'प्रतिरोध'च योग्य. शिवाय एक काळजी वाटते. 'रुग्ण उपचारांना दाद देत नाही' असं लिहिलं जातं, तेव्हा दोष रुग्णाच्या माथी आल्यासारखा वाटतो. कर्ता पेशी किंवा आजारच असू द्या, माणूस नको.

उत्तर: दोन्ही मुद्दे मान्य, दुसरा तर फारच महत्त्वाचा.

आणखी एक भर: मूळ लेखात 'रिस्पॉन्स' असेल तर आपण डोळे झाकून 'प्रतिसाद' लिहितो. 'साद' म्हणजे हाक. 'शब्द' प्राकृतात 'सद्द' झाला, त्यातून साद आणि पडसाद आले. म्हणजे प्रतिसाद हाकेला द्यायचा असतो. आता गंमत नव्हे, खरंच पाहा: इथे हाक मारणारं औषध नाहीच, सायटोकाइन आहे. लसिकाग्रंथीत आणि अस्थिमज्जेत शेजारच्या पेशी ही साद घालतात, पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राहक (रिसेप्टर) ती ऐकतात आणि आत बीसीएल-२ सारखी प्रथिनं वाढतात. पेशी सादेला प्रतिसाद देते म्हणूनच औषधाला दाद देत नाही. शेजाऱ्याचा सीडी४० या दुसऱ्या ग्राहकामार्गे येणारा निरोप असेल तर बीसीएल-एक्सएल हे मृत्यू रोखणारं दुसरं प्रथिन वाढतं. 2016 साली या आजारासाठी मान्यता मिळालेलं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध नेमकं बीसीएल-२ ला जखडतं, पण बीसीएल-एक्सएलने जागा भरून काढली की तेही अपुरं पडतं.

तिसरं मत: मग सायटोकाइन्स पेशीला वाचवतातच, असा समज होऊ देऊ नका. इंटरल्युकिन-२१ हे सायटोकाइन उलट बीआयएम हे मारक प्रथिन वाढवून याच पेशींना मृत्यूकडे नेतं. इंटरफेरॉन-गॅमा हे सायटोकाइन मात्र इंटरल्युकिन-४ च्या बाजूचं, पेशीला वाचवणारं. इंटरफेरॉन हे नाव 1957 साली पडलं ते विषाणूंच्या वाढीत आडवं येतं म्हणून, इथे ते कर्कपेशीच्या मृत्यूच्या आड येतं. तेव्हा वाक्यात 'काही' हा शब्द हवाच.

प्रश्नकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. आता वाक्य असं केलं आहे: 'रोगप्रतिकार यंत्रणेतल्या काही सायटोकाइन्सची साद मिळत राहिली, तर ल्युकेमियाच्या या पेशी केमोथेरपीला सहज दाद देत नाहीत.' 'प्रतिकार' एकदाच आला, तोही शरीराच्या बाजूने. 'सहज' ठेवावा की काढावा, एवढंच आता ठरवते आहे. औषधाची मात्रा वाढवली तर यातल्या काही पेशी मरतातही, म्हणून सध्या ठेवला आहे.