पुस्तक कळलं नाही, तर दोष वाचकाचाच?

पंचवटीकर:
काल इथे एकाने लिहिलं, "संशोधनग्रंथ जड वाटतात ते आळशी वाचकांना." दिवसभर डोक्यातून जात नाहीये. सातवाहनांवरचा एक 600 पानी ग्रंथ सावानातून (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून) आणून दोन महिने झुंजतोय. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यातल्या दोन तृतीयांशांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. हरलेल्याचं नाणं जिंकलेल्याच्या नावाने चाललं! ग्रंथात हे अर्ध्या पानाच्या एका वाक्यात पुरलंय. आकडा एकदा 13,000, पुढे 1,300. मागे कोणतं नाव कुठल्या पानावर याची सूची नाही. आळस कोणाचा?

सातपूरकर:
पाठभेद, टिपा सोप्या करून कशा लिहिणार? पांडवलेणीच्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख बघून या, नुसती विशेषणांवर विशेषणं. गोष्टच हवी तर कादंबरी वाचा.

पंचवटीकर:
विषय अवघड असणं वेगळं, मुद्रितं (प्रुफं) न तपासणं वेगळं. शून्य गळणं ही विद्वत्ता नव्हे.

गंगापूर रोड:
आणि शकाचं इसवी सन करतानाचे घोळ? एका पुस्तकात पानिपत 1760 सालात! शके 1682 मध्ये डोळे झाकून 78 मिळवले. पौषात इंग्रजी साल बदललेलं असतं, म्हणून 79 मिळवायचे असतात. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई शेवटी आपल्या गंगापूरला राहिल्या, त्यांचा मुलगा विश्वासराव त्या लढाईत गेला. निदान साल तरी नीट छापा!

सातपूरकर:
पौषात नेहमी 79 नाही. पौष डिसेंबरातही लागतो. दुसऱ्याच्या चुका काढताना स्वतः तपासा.

गंगापूर रोड:
बरं, "नेहमी" चुकलं. पण ती पौष शुद्ध अष्टमी 14 जानेवारी 1761 लाच पडली ना? मग पुस्तक चूकच. तुम्ही मला पकडलंत, छापणाऱ्याला नाही.

मेनरोडवाला:
शक राहू द्या. मी 22 वर्षं मुद्रितं तपासतोय. पानं कायम झाल्याशिवाय सूची करता येत नाही, आणि पानं कायम होतात तेव्हा प्रकाशन समारंभ आठ दिवसांवर असतो. एका लेखकाला 40 शंका लिहून पाठवल्या. उत्तर आलं, "छापून टाका, पाहुण्यांची तारीख घेतलीय." त्या पुस्तकावर मुद्रितशोधक म्हणून माझं नाव आहे. घरात ते मी उघड्यावर ठेवत नाही.

सातपूरकर:
सूचीचं मान्य. भाषेचं अजूनही नाही.

पंचवटीकर:
सूची मीच वहीत करतोय. पान 340 पर्यंत आलोय, "नहपान" 27 ठिकाणी. उद्या वाचनालयातून ग्रंथाची मुदत वाढवून आणतो.